‘अँग्लो-सॅक्सन’ : एका समासाची कथा

इंग्रजी वर्तमानपत्रें व इतिहासाचीं पुस्तकें वाचणाऱ्या वाचकांस ‘अँग्लो-सॅक्सन’ हा शब्द अपरिचित नाहीं. परंतु परिचयाचा शब्द समजलेला असतोच असें नाहीं. शाळेच्या इतिहासांत हा शब्द हजार-अकराशें वर्षांपूर्वींच्या आल्फ्रेड राजाच्या प्रजेस लावलेला असतो. फ्रान्समधील लेखक लंडन-न्यूयॉर्कच्या पेढीवाल्यांवर टीका करूं लागले कीं त्यांच्या अर्थव्यवहारासहि ते ‘अँग्लो-सॅक्सन’ म्हणतात. ता. ३० सप्टेंबर २०२२ रोजीं रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनीं बाल्टिक समुद्राखालच्या वायुवाहिन्या फोडल्याचा आरोप केला, तोहि ‘अँग्लो-सॅक्सनां’वरच. आणि २०२१ सालीं अमेरिकेच्या लोकसभेंतील कांहीं सभासदांनीं एक गट काढण्याचें योजिलें, तेव्हां त्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यांत ‘अँग्लो-सॅक्सन राजकीय परंपरां’चा गौरव होता, त्यावर एवढा गहजब उडाला कीं ती योजनाच बारगळली.

आल्फ्रेडाची प्रजा, न्यूयॉर्कचे पेढीवाले, वायुवाहिन्या फोडल्याचा आळ ज्यांवर आला ते, आणि अमेरिकेंतील परंपराभिमानी मंडळी हे सर्व एकाच नांवाखालीं कसे आले? हा प्रश्न नुसता कोश उघडून सुटण्यासारखा नाहीं. हा शब्द समास आहे, आणि समासाचा विग्रह बदलला कीं अर्थ बदलतो. त्वष्ट्याची कथा वाचकांच्या ऐकिवांत असेल. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्यानें ‘इंद्रशत्रु’ हा शब्द योजून हवन केलें. त्याला हवा होता तत्पुरुष. उच्चारांत स्वर चुकला आणि झाला बहुव्रीहि. ‘इंद्राला मारणारा’ याऐवजीं ‘इंद्र ज्याला मारणारा आहे असा’ वृत्र उत्पन्न झाला व इंद्राच्या हातून मेला. व्याकरणाच्या एका चुकीनें प्राण जावा हें आजच्या वाचकास अतिशयोक्त वाटेल. परंतु प्रस्तुत शब्दाची कथा पाहिल्यावर तें फारसें अतिशयोक्त वाटूं नये.

दोन टोळ्या, अनेक नांवें

इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटन बेटावरील रोमन सत्ता संपली. त्यानंतर उत्तर समुद्रापलीकडून जर्मन कुळांतील भाषा बोलणाऱ्या टोळ्या तेथें येऊन वसूं लागल्या. बीड नांवाच्या साधूनें इ. स. ७३१ मध्यें लॅटिन भाषेंत लिहून पुरा केलेल्या आपल्या इतिहासांत या टोळ्या तीन सांगितल्या आहेत : अँगल, सॅक्सन व ज्यूट. अँगल लोकांचें मूळ स्थान आजच्या जर्मनीच्या उत्तर टोंकाशीं असलेला अँगेल्न प्रांत होय. सॅक्सन हे त्यांच्या दक्षिणेचे, आणि ज्यूट हे जटलंडकडील. सॅक्सन हें नांव ‘सेआक्स’ म्हणजे एकधारी सुरा या शब्दाशीं जोडतात. बीडची ही त्रयी फार नीटनेटकी आहे. त्यानें स्वतःच त्याच ग्रंथांत पुढें फ्रिझियन, डेन इत्यादि आणखी कुळेंहि मोजलीं आहेत. तथापि या टोळ्यांच्या वसाहतींच्या खुणा नकाशावर आजहि दिसतात. एसेक्स म्हणजे पूर्व-सॅक्सन, ससेक्स म्हणजे दक्षिण-सॅक्सन, आल्फ्रेडाचें वेसेक्स म्हणजे पश्चिम-सॅक्सन, आणि ईस्ट अँग्लिया म्हणजे पूर्वेकडील अँगलांचा प्रदेश.

आतां हे लोक स्वतःस काय म्हणवीत असत? ‘अँग्लो-सॅक्सन’ असें सहसा म्हणवीत नसत, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. त्यांचा स्वतःसाठीं शब्द ‘एंग्लिश’, म्हणजे आजचा ‘इंग्लिश’ हाच. त्यांचे शेजारी मात्र त्या सर्वांना सॅक्सनच म्हणत. वेल्सच्या भाषेंत इंग्रजास आजहि ‘साएसोन’ व स्कॉटलंडच्या गेलिक भाषेंत ‘सासनाख’ म्हणतात. उलट या आगंतुकांनीं बेटांतील मूळच्या रहिवाशांस ‘वेआल्ख’, म्हणजे परका, असें म्हटलें. त्यावरून वेल्स हें देशनाम झालें. घरच्यालाच परका म्हणण्याचा हा मासला मोठा मौजेचा आहे!

एका टोळीचें नांव सर्वांस लावण्याची ही रीत आपल्या परिचयाची आहे. आयोनियन नांवाच्या ग्रीकांच्या एका शाखेवरून आपल्याकडे ‘यवन’ शब्द आला, तो सर्व ग्रीकांस लागला, आणि पुढें तर पश्चिमेकडून येणाऱ्या कोणासहि. फ्रँक या जर्मन टोळीचें नांव अरब-इराणांतून फिरत फिरत ‘फिरंगी’ होऊन आपल्या कोंकणपट्टींत पोर्तुगीजांस चिकटलें. स्वतः ‘इंग्रज’ हा आपला शब्दहि इंग्लंडांतून आलेला नाहीं. तो पोर्तुगीजांच्या तोंडून आला. सारांश, नांव हें बहुधा दुसऱ्यानें ठेविलेलें असतें, व तें ठेवणारा नांवधारकाची वंशावळ तपाशीत बसत नाहीं.

कर्मधारय कीं द्वंद्व?

जोडनांव प्रथम आढळतें तें आठव्या शतकांत, आणि तेंहि इंग्लंडाबाहेर, पॉल द डीकन याच्यासारख्या लॅटिन ग्रंथकारांत. याचें कारण उघड आहे. सॅक्सन लोक सर्वच कांहीं समुद्र ओलांडून गेले नव्हते. पुष्कळ जर्मनींतच राहिले होते, आणि शार्लमेन राजा इ. स. ७७२ पासून ८०४ पर्यंत त्यांच्याशीं लढत होता. तेव्हां हे ‘जुने सॅक्सन’ व ते ‘इंग्लंडांतले सॅक्सन’ असा भेद दाखविणें प्राप्त झालें. आपण तंजावरी मराठे म्हणतों तें ज्या कारणास्तव, त्याच कारणास्तव हा शब्द जन्मला. म्हणजे मुळांत हा समास कर्मधारय. अँगल व सॅक्सन अशा दोन जाती त्यांत अभिप्रेत नसून, ‘इंग्लंडी’ हें विशेषण व ‘सॅक्सन’ हें विशेष्य असा त्याचा विग्रह होता.

याचा द्वंद्व झाला तो आल्फ्रेडाच्या कारकीर्दींत. आल्फ्रेड (इ. स. ८७१–८९९) हा वेसेक्सचा म्हणजे सॅक्सनांचा राजा. डेन लोकांच्या स्वाऱ्यांनीं इतर राज्यें मोडून पडलीं असतां त्यानें टिकाव धरला. पुढें मर्सिया या अँगलांच्या राज्याचा डेनांच्या हातीं न गेलेला भागहि त्याच्या छत्राखालीं आला, व ८८६ मध्यें लंडन त्याच्या ताब्यांत आलें. तेव्हां त्याच्या दानपत्रांत, तसेंच असर या त्याच्या पदरच्या धर्माधिकाऱ्यानें ८९३ मध्यें लिहिलेल्या त्याच्या चरित्रांत, ‘अँगल-सॅक्सनांचा राजा’ ही पदवी दिसूं लागते. येथें विग्रह ‘अँगल आणि सॅक्सन’ असा आहे, आणि त्यांत राजकारण आहे. दोन प्रजांस एक करण्यासाठीं घडविलेला तो शब्द होता. याच राजानें ८८३ मध्यें सेंट थॉमसच्या स्थानीं भारतांत दानधर्म पाठविल्याची नोंद त्या काळच्या बखरीच्या कांहीं पोथ्यांत सांपडते, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस कौतुकाची वाटेल.

त्याचा नातू अॅथेल्स्टन यानें ९२७ मध्यें उत्तरेकडील नॉर्थंब्रियाहि घेतला व तो ‘इंग्रजांचा राजा’ म्हणवूं लागला. एकी साधली आणि द्वंद्वाची गरज सरली. जोडपदवी त्यानंतर क्वचितच दिसते. म्हणजे ज्या नांवानें आपण सहाशें वर्षांचा काळ ओळखतों, तें नांव त्या काळीं राजपदवी म्हणून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षें ठळकपणें चाललें.

भाषेचें नातें

१०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि पुढें हा शब्द विस्मृतींत गेला. त्याला पुन्हां बाहेर काढलें सोळाव्या शतकांतील पंडितांनीं. कँटरबरीचे मुख्य धर्मगुरु मॅथ्यू पार्कर (१५०४–१५७५) यांनीं जुन्या इंग्रजी पोथ्या जमविल्या त्या निव्वळ विद्याप्रेमानें नव्हे. रोमच्या पोपापासून फुटलेल्या नव्या इंग्रजी चर्चला ‘आमचे पूर्वजहि असेच होते’ हें दाखवावयाचें होतें. गरज आजची आणि साक्ष पूर्वजांची, हा प्रकार सर्व देशांत सारखाच. कांहींहि असो, पोथ्या वांचल्या. १७९५ मध्यें ऑक्सफर्ड येथें अँग्लो-सॅक्सनचें अध्यापकपद निर्माण झालें. १९२५ ते १९४५ पर्यंत तें भूषविणारे टोल्किन हे आतां त्यांच्या अद्भुतकथांमुळें घरोघरीं ठाऊक आहेत.

या भाषेकडे संस्कृताच्या विद्यार्थ्यानें पाहिलें तर त्यास परक्या गांवीं ओळखीचें माणूस भेटल्याचा आनंद होतो. मातृ येथें ‘मोदोर’ आहे, भ्रातृ ‘ब्रोथोर’, दुहितृ ‘दोख्तोर’. सूनु हा शब्द तर जवळजवळ जसाच्या तसा, ‘सुनु’. विधवा ती ‘विदुवे’, मधु तो ‘मेदु’, नामन् तें ‘नमा’. नामांना तीन लिंगें व विभक्तींचे प्रत्यय आहेत. सर्वनामांत द्विवचनहि आहे : ‘वित्’ म्हणजे आम्ही दोघे, ‘यित्’ म्हणजे तुम्ही दोघे, आपले आवाम् व युवाम्. ज्या इंग्रजीला आज ‘तूं’ आणि ‘तुम्ही’ यांत भेद करितां येत नाहीं, तिनें एके काळीं ‘तुम्ही दोघे’ यासाठींहि निराळा शब्द बाळगला होता! आजचे पंडित या भाषेस अँग्लो-सॅक्सन न म्हणतां ‘प्राचीन इंग्रजी’ म्हणणेंच पसंत करितात. आल्फ्रेडानें स्वतः लॅटिन ग्रंथांचें भाषांतर केलें तेव्हां आपण ‘एंग्लिश’ भाषेंत लिहीत आहों असेंच म्हटलें आहे. तेव्हां हा आग्रह योग्यच आहे.

भाषेवरून रक्तावर

येथपर्यंत कोणाचें कांहीं बिघडलें नव्हतें. बिघडलें तें एकोणिसाव्या शतकांत, जेव्हां भाषेचें नांव रक्ताचें नांव झालें. तत्पूर्वींच, १७७६ मध्यें, थॉमस जेफर्सन यांनीं अमेरिकेच्या राजमुद्रेच्या एका बाजूस हेंगिस्ट व हॉर्सा या दंतकथेंतील पहिल्या सॅक्सन सरदारांचीं चित्रें असावीं असें सुचविलें होतें. पण तेथें अभिमान राज्यव्यवस्थेचा होता. पुढें रॉबर्ट नॉक्स या शरीरशास्त्रज्ञानें १८५० मध्यें मानववंशांवर ग्रंथ लिहून सॅक्सन हा वंश व वंश हेंच सर्व कांहीं असें प्रतिपादिलें. आयर्लंडच्या केल्टांस त्यानें हीन ठरविलें. अमेरिकेंत जोसाया स्ट्राँग या पाद्र्यानें १८८५ मध्यें पृथ्वीचा भावी वारसा अँग्लो-सॅक्सन वंशाचाच असें भाकीत केलें. फ्रान्समध्यें एडमाँ दमोलँ यांनीं १८९७ मध्यें अँग्लो-सॅक्सनांचें श्रेष्ठत्व कशांत आहे यावर पुस्तक लिहिलें. शत्रुमित्र सर्वांनीं समासाचा अर्थ रक्त असाच धरिला.

याच सुमारास आपल्याकडे ‘आर्य’ शब्दाचें हेंच झालें, आणि तें आपण स्पष्ट बोलावें असें आम्हांस वाटतें. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ मध्यें संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असें सांगितलें, तें भाषांविषयीं. पण इंग्रज राज्यकर्ते व आपण एकाच आर्यवंशाचे भाऊबंद, या कल्पनेनें आपल्यांतील कित्येक सुशिक्षित सुखावले. स्वतः मॅक्समुल्लर यांनीं १८८८ मध्यें बजावलें होतें कीं ‘आर्य’ हा शब्द भाषावाचक आहे. त्यावरून केसांचा, डोळ्यांचा वा रक्ताचा बोध होत नाहीं. पण तें ऐकतो कोण?

त्याचा निकाल १९२३ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत लागला. पंजाबांतील भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत नोकरी केलेले गृहस्थ. त्यांनीं नागरिकत्व मागितलें. कायद्यानें तें ‘गोऱ्या’ लोकांस मिळे. थिंड यांच्या बाजूनें सखाराम गणेश पंडित या वकिलांनीं काम चालविलें. भारतीय हे आर्य, म्हणून शास्त्रदृष्ट्या गोऱ्यांच्याच वर्गांतले, असा युक्तिवाद झाला; उच्चवर्णीय हिंदूंनीं आपलें रक्त वेगळें राखलें आहे असेंहि सांगण्यांत आलें. न्यायालयानें उत्तर दिलें कीं आर्य हा शब्द भाषेचा आहे, शरीराचा नव्हे. आणि ‘गोरा’ कोण तें सामान्य माणूस ठरवील. थिंड हरले, आणि त्या निकालाच्या जोरावर अनेक भारतीयांचें मिळालेलें नागरिकत्वहि काढून घेण्यांत आलें. खुद्द पंडितांवरहि तसा खटला झाला. त्यांतून ते १९२७ मध्यें सुटले. सर्वसाधारण भारतीयांस ही वाट खुली झाली ती १९४६ मध्यें.

या प्रकरणांत अन्याय त्या कायद्याचा, हें तर खरेंच. परंतु आपल्या बाजूनें जें शस्त्र उचललें गेलें तेंहि त्याच भट्टींतलें होतें. ज्यानें दुसऱ्यास हीन ठरवावें तेंच माप आपल्यास लावून आपण उच्च ठरावें, ही ती खटपट होती. ‘ब्रोथोर’ आणि ‘भ्रातृ’ हे शब्द भाऊ आहेत. म्हणून ते उच्चारणारे भाऊ ठरत नाहींत, आणि जे ते उच्चारीत नाहींत ते परकेहि ठरत नाहींत. आपली मराठीच पाहावी. ती पुण्याच्या ब्राह्मणाची, साताऱ्याच्या मराठ्याची, नागपूरच्या बौद्धाची, वसईच्या ख्रिस्त्याची आणि कुलाब्याच्या बेने इस्राएलाची मातृभाषा आहे. तिच्यावरून यांच्या रक्ताची परीक्षा करूं पाहील त्यास काय म्हणावें?

इंग्लंडाविषयींहि पुरावा असाच आहे. वेसेक्सच्या राजघराण्याचा परंपरेनें मानलेला मूळ पुरुष सेर्डिक. त्याचें नांव सॅक्सन नसून ब्रिटन लोकांच्या भाषेंतलें आहे. २०२२ मध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत ४६० प्राचीन सांगाड्यांच्या, त्यांपैकीं २७८ इंग्लंडांतील, जनुकांची परीक्षा प्रसिद्ध झाली. तीवरून पूर्व व दक्षिण इंग्लंडांत त्या काळीं ७६ टक्क्यांपर्यंत वारसा समुद्रापलीकडचा होता, म्हणजे स्थलांतर खरेंच मोठें होतें, असें दिसून आलें. पण त्याच स्मशानांत स्थानिक वंशाचीं व मिश्र वंशाचीं माणसेंहि त्याच रीतीनें पुरलेलीं आढळलीं. ‘अँग्लो-सॅक्सन’ होतां येत असे. त्यासाठीं त्या रक्तांत जन्मावें लागत नसे.

बहुव्रीहि

आजचा राजकीय वापर हा तिसरा विग्रह होय. फ्रेंच वा रशियन वक्ता जेव्हां अमेरिकेस अँग्लो-सॅक्सन म्हणतो, तेव्हां तेथील जर्मन, आयरिश, इटालियन, आफ्रिकन, भारतीय वंशाचीं कोट्यवधि माणसें त्याच्या ध्यानांत नसतात. ‘इंग्रजी ही ज्यांची राजव्यवहाराची भाषा आहे ते देश’ एवढाच त्याचा अर्थ. समासांतील दोन्ही पदें सोडून तिसऱ्याच पदार्थाचा बोध करणारा, म्हणून बहुव्रीहि. अमेरिकेंत पुन्हां ‘गोरे अँग्लो-सॅक्सन प्रॉटेस्टंट’ यांचीं आद्याक्षरें जुळवून ‘वॉस्प’, म्हणजे गांधीलमाशी, असा उपरोधिक शब्द झाला. बाल्टझेल या समाजशास्त्रज्ञाच्या १९६४ मधील ग्रंथानें तो रूढ केला.

विद्वानांतहि आतां या नांवाविषयीं दोन पक्ष आहेत. वंशाभिमान्यांनीं शब्द विटाळला, म्हणून १९८३ मध्यें स्थापन झालेल्या या विषयाच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१९ मध्यें आपलें नांव बदललें व ‘आद्य मध्ययुगीन इंग्लंड’ असा प्रयोग स्वीकारला. केंब्रिजच्या ‘अँग्लो-सॅक्सन इंग्लंड’ या वार्षिकानेंहि पुढें तेंच केलें. दुसरा पक्ष म्हणतो कीं इंग्लंडांत हें केवळ एका कालखंडाचें नांव आहे. चोरानें वापरली म्हणून आपली वस्तु टाकूं नये. दोन्ही पक्षांत तथ्य आहे.

या समासाचें पूर्वपद आपल्याकडेहि आलें, आणि येथें त्याचें काय झालें तें पाहण्याजोगें आहे. अँगल टोळीचें नांव संस्कृत वेषांत ‘आंग्ल’ होऊन ‘आंग्लविद्या’, ‘आंग्लभाषा’ अशा शब्दांत बसलें. तो शब्द पाणिनीच्या काळचा वाटावा इतका बेमालूम! ‘अँग्लो-इंडियन’ या शब्दानें तर अर्थच पालटला. पूर्वीं तो हिंदुस्थानांत राहणाऱ्या इंग्रजांस लावीत. १९११ च्या खानेसुमारीपासून सरकारनें तो मिश्र संततीस लाविला. आपल्या राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमांत त्याची व्याख्या आहे. तींत वंशाविषयीं पितृकुल युरोपीय असावें एवढीच अट आहे, इंग्लंडाचा उल्लेखहि नाहीं. म्हणजे फ्रेंच वा पोर्तुगीज पूर्वजाचा वंशजहि कायद्यानें अँग्लो-इंडियन ठरूं शकतो. या समाजासाठीं लोकसभेंत व विधानसभांत असलेली नेमणुकीची तरतूद १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्यें संपली. शब्द मात्र घटनेंत आहे.

तेव्हां मराठींत लिहितांना व वाचतांना आम्ही पुढील विवेक सुचवितों. लोकांविषयीं बोलावयाचें तर ‘प्राचीन इंग्रज’, भाषेविषयीं ‘प्राचीन इंग्रजी’, आणि आजच्या देशांविषयीं ‘आंग्लभाषी देश’ असें लिहावें. काळाचें नांव म्हणून ‘अँग्लो-सॅक्सन’ लिहिण्यास हरकत नाहीं. परंतु हाच शब्द कोणी रक्ताच्या अर्थीं घेऊन आला, मग तो स्तुतीसाठीं येवो कीं निंदेसाठीं, तर त्यास प्रथम विग्रह विचारावा. हाच प्रश्न आपल्या घरांत मिरविल्या जाणाऱ्या ‘आर्य’ शब्दासहि विचारावा. तेथें सूट घेऊं नये. विग्रह न विचारतां शब्द अग्नींत टाकला कीं काय होतें, तें त्वष्ट्यास विचारावें.